तीन ग्रॅम सोनं आणि आठ किलो मीठ

किराणा दुकानदारानं आठ किलो खडेमीठ तोलता तोलता विचारलं, "लोणचं एवढ्यात? कैरी कुठं आली अजून?"

"लोणचं नाही. समुद्र करायचाय."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, पिशवीला जास्तीची गाठ मारली आणि सुटे पैसे मोजून हातावर ठेवले.

या मिठामागं तीन ग्रॅमची अंगठी होती. भाच्याचा साखरपुडा जानेवारीत झाला, आमच्या सोलापुरातली गड्ड्याची जत्रा अजून उठली नव्हती तेव्हा. अंगठी सासरकडून आली. आजचे भाव बघता तीन ग्रॅमला नाव ठेवायला जागा नाही, पण पट्टी पातळ होती आणि बोटाला सैल. "सोनाराकडून बारीक करून घेऊ," असं अक्का दोनदा म्हणाली आणि ते राहूनच गेलं. 26 जानेवारीची सुट्टी जोडून पठ्ठ्या मित्रांबरोबर रत्नागिरीला गेला, काळबादेवीच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात तासभर बॉल खेळला आणि बाहेर येऊन टॉवेल घेतो तर बोट मोकळं. आईला सांगायची हिंमत नव्हती. फोन मला आला. "मामा, तुमच्याकडं ते मशीन आहे ना?"

ते मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. माझं अक्कलकोट रोडला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पॉवरलूमच्या मोटारी, बोअरच्या मोटारी, जळलेलं सगळं आमच्याकडं येतं. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडून हे मशीन जुनं घेतलं. 12 किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, कॉइल (दांड्याच्या टोकाची, आत तार गुंडाळलेली चकती) पाण्यात बुडवता येणारं. शेतात पुरलेले पाइपलाइनचे व्हॉल्व्ह शोधायला लोक बोलावतात. भुईमूग काढताना पडलेलं कानातलं एकदा काढून दिलं, तेव्हापासून तालुक्यात थोडं नाव झालंय. (आपल्या भुईकोट किल्ल्यात मशीन फिरवून बघू या, असं सांगणारेही दर महिन्याला एक-दोन भेटतात. ती संरक्षित वास्तू आहे, तिथं उकरणं गुन्हा आहे, हे सांगून मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो.)

कॉइल हा माझा रोजचा धंदा, त्यामुळं मशीनची विद्या मला नवी नव्हती. गुंडाळलेल्या तारेतून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात, एडी करंट. मोटारीचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ स्टॅम्पिंगचा करतात, तो हेच प्रवाह अडवायला. आमच्या धंद्यात जो शत्रू, तोच डिटेक्टरचा डोळा. तेव्हा समुद्र म्हणजे काय, जरा ओलं शेत, असं मनात धरून मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भाच्याला घेऊन निघालो. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, सात-आठ तासांचा रस्ता.

कोरड्या वाळूवर मशीन शहाण्यासारखं वागलं. ओली वाळू लागली तसं कुरकुरायला लागलं. गुडघाभर पाण्यात कॉइल घातली आणि ते पिसाळलं. टिर्र, टिर्र, कुर्र, टिंग. डावीकडं, उजवीकडं, मध्येच. दर हातभर अंतरावर सोनं सापडत असल्यासारखा आवाज. दहा-बारा ठिकाणी भाच्यानं उकरलं. वाळू, वाळू आणि वाळू.

मग मी ते केलं जे कुठलाही घाईतला माणूस करेल. डिस्क्रिमिनेशन वाढवत गेलो. मशीन प्रत्येक वस्तूला पडद्यावर एक आकडा देतं; डिस्क्रिमिनेशन म्हणजे त्याला सांगायचं, अमुक आकड्याच्या खालच्या वस्तूंवर तोंड उघडू नकोस. दहापर्यंत बंद, वीसपर्यंत बंद, तीसपर्यंत बंद. पस्तीसला मशीन गप्प झालं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! अडीच तास आम्ही शिस्तीत पट्टे आखून पाणी तुडवलं. एक दहाचं नाणं मिळालं आणि कुठल्याशा होडीचं पितळी नटबोल्ट. भाच्यानं वहीत खूण केली, एवढा भाग बघून झाला.

किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका सगळं बघत होते. आम्ही बाहेर आल्यावर म्हणाले, "आज अष्टमी. भांग आहे, पाणी हटणार नाय. अवसेला या नायतर पुनवेला."

कोकणातला हिशेब मला त्यांनीच शिकवला. तिथी घ्यायची आणि पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा; सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, तीही अर्धवट, कारण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या जरा आधी भरती, आणि पहाटे-संध्याकाळी साडेपाच-सहाला अशी ओहोटी की एरवी मांडीएवढ्या पाण्याखाली असलेली वाळू पोटरीएवढ्या पाण्यात येते. दाते पंचांग आमच्याच गावचं, घराघरात भिंतीवर टांगलेलं, आणि तिथीवरून समुद्र मोजता येतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

घरी आलो त्या रात्री बायकोची साधारण तेवढ्याच वजनाची अंगठी मागून घेतली आणि हवेत कॉइलसमोर फिरवली. पडद्यावर आकडा आला तेहतीस. कधी चौतीस.

मी पस्तीसपर्यंत सगळं बंद केलं होतं. भाच्याची अंगठी कॉइलच्या बरोबर खाली असती तरी मशीन चूं करणार नव्हतं. तो अडीच तासांचा 'बघून झालेला' भाग आम्ही बघितलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात मशीन खोलून धुवायला घेतलं तर आणखी एक गंमत. कॉइलच्या खाली प्लास्टिकची झाकणी असते, दगड-गोट्यांनी कॉइल घासू नये म्हणून. ती काढली तर आत दोन चमचे काळी वाळू आणि तिच्यात मुरलेलं खारं पाणी. स्पीकरचं जुनं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या वाळूत फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला मिशा फुटल्या होत्या. रत्नागिरीजवळच्या या किनाऱ्यांवर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची काळी वाळू आहे. मूळ तोच आपला दख्खनचा काळा दगड, नद्या-ओढ्यांनी झिजवून समुद्रात नेऊन टाकलेला. म्हणजे कॉइलच्या पोटालाच लोखंडी वाळूची पुरचुंडी बांधून मी अडीच तास फिरलो होतो. ती जरा हलली, आतलं पाणी एका कडेला गेलं, की मशीन ओरडणार. समुद्राच्या नावावर घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या तरी झाकणीच्या होत्या.

म्हणून समुद्र करायचं ठरलं. दर वेळी साडेतीनशे किलोमीटर जाऊन शिकण्यापेक्षा समुद्रच सोलापुरात आणायचा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. शेजारच्या पोराची फुगवायची टाकी मागून आणली, चार फूट व्यासाची. वीतभर पाणी भरलं तर सव्वादोनशे लिटर. त्याला आठ किलो मीठ. टाकी गच्चीवर फुगवली, पहिल्यांदा कोरडीच. तिच्यात कॉइल धरली आणि मशीन सलग भोंग्यासारखं वाजायला लागलं. स्लॅब! गच्चीच्या पोटात सळयांची जाळी पसरलेली, हे वायरिंगवाल्या माणसाच्या डोक्यात यायला नको होतं का? तेवढ्यात बायको वर आली. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. "सव्वादोनशे लिटर पाण्यात मीठ कालवणार?" एवढंच म्हणाली. टाकीची हवा मी लगेच सोडली.

शेवटी मेहुण्याच्या शेतात, मंगळवेढ्याकडं. तिथं बोअर आहे, मोकळं रान आहे आणि गच्ची नाही. मेहुण्याची एकच अट: "दाजी, रानात एक थेंब सांडायचा नाही. पाणी पाजून पाजून जमीन चोपण व्हायला वर्षं लागतात, तुम्ही दुपारपर्यंत करून ठेवाल." गोठ्याच्या पुढं मुरमाचं अंगण आहे, तिथं टाकी मांडली. खडेमीठ विरघळायला अर्धा तास काठीनं ढवळावं लागलं. मेहुण्यानं बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं. समुद्र तयार.

आता ग्राउंड बॅलन्स. ज्यांनी हे मशीन हातात धरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमीनसुद्धा मशीनला थोडा आवाज देते, म्हणून वस्तू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून मशीनला सांगायचं, ही जमीन, हिच्याकडं दुर्लक्ष कर. माझ्या मशीनवर नुसत्या मुरमाचा बॅलन्सचा आकडा (वस्तूच्या आकड्याहून हा वेगळा) ऐंशीच्या पुढं येतो, कारण आपल्या दगडात मॅग्नेटाइट. खाऱ्या पाण्याचा आकडा अगदी उलट्या टोकाला, शून्याच्या आसपास. टाकीत पाणी वर आणि मुरूम खाली, अशी दोन्ही टोकं एकदम समोर आली. आकडा साठ, चाळीस, पुन्हा सत्तर; मशीनचा निर्णयच होईना. पाण्याशी जुळवलं की मुरूम ओरडतो, मुरमाशी जुळवलं की पाणी. काळबादेवीला नेमकं हेच झालं होतं. एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनला एका वेळी एकाच शेजाऱ्याशी पटवून घेता येतं.

मेहुण्याला विचारलं, टाकीखाली काहीतरी घालून ती उंच करता येईल का. तो गेला आणि कडब्याच्या पेंढ्या घेऊन आला. पाण्यानं भरलेली टाकी काही उचलता येईना, तेव्हा बादलीबादलीनं पाणी ड्रममध्ये, मग पेंढ्यांचे दोन थर, त्यावर टाकी, मग पुन्हा बादलीबादलीनं पाणी टाकीत. मालदांडीच्या कडब्यावर समुद्र. जमीन दीड हात खाली गेली आणि मुरमाचा आवाज मावळला. आता समोर नुसतं मीठ होतं.

त्या दुपारी जे कळलं ते मी आधी कुठंतरी वाचलेलं होतं, पण हाताला कळलेलं नव्हतं.

पाणी तांब्याच्या मानानं अगदीच भिकार वाहक. खारं पाणीसुद्धा तांब्यापेक्षा कोटभर पटींनी मंद. पण ते कॉइलच्या चहूबाजूंनी असतं आणि मशीनचं लक्ष असतं बदलावर. पूर्ण बुडलेली कॉइल एका पातळीत सरकवली तर मशीन जवळजवळ शांत राहतं, कारण डावीकडंही मीठ, उजवीकडंही मीठ, बदल कसलाच नाही. पण झोक्याच्या शेवटी हात आपोआप वर उचलला जातो, झोपाळ्यासारखा. कॉइलची कड पाण्याबाहेर येते आणि तिथं टिर्र. दोन्ही टोकांना टिर्र. काळबादेवीला मला दर हातभर अंतरावर जे सोनं ऐकू येत होतं ते हे. मेहुणा बाजूला उकिडवा बसून बघत होता. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही कोळपं मारायलाव का पाळणा हलवायलाव?" अगदी बरोबर बोलला. कोळप्याची पास जमिनीतून एका खोलीवर चालते, उचलली की तण राहतं. त्यानंतर मी कोळपं मारायला शिकलो. हात छोटा, झोका अरुंद, कॉइल पहिल्यापासून शेवटपर्यंत पाण्यात आणि तळाशी समांतर.

मग बायकोची अंगठी. ती आली होती अंगठीबरोबर, कारण अंगठी एकटी येणार नव्हती. नायलॉनच्या दोऱ्याला बांधून टाकीच्या तळाशी सोडली, दोऱ्याचं दुसरं टोक तिनं स्वतःच्या बोटाला गुंडाळलं. डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढून टाकलं. सगळं ऐकायचं, मिठासकट. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ते, ऐंशीवर होती तेव्हा पाण्याच्या कुरकुरीत अंगठी हरवून गेली. सत्तर, साठ, पन्नास करत खाली आणली. यात मला नवल वाटलं: पाण्याचा आवाज झपाट्यानं पडला, अंगठीचा मात्र थोडाच. वीतभर अंतरावरून ऐकू येत होती ती आता चार बोटं जवळ जावं लागलं, एवढाच तोटा. उलट ऐंशीवर ती वीतभरावरून 'ऐकू येते' हे म्हणायलाच. त्या गोंगाटात ओळखणार कोण?

आकडे बघा. मिठाचा आकडा दोन ते आठमध्ये उड्या मारत होता, कधी बारा. अंगठी हवेत तेहतीस, खाऱ्या पाण्यात चोवीसपासून एकतीसपर्यंत डुलत होती. (हे माझ्या मशीनचे आकडे, दुसऱ्याचे वेगळे असतील.) बायकोच्या गळ्यातली बारीक साखळी टाकून बघितली तर आकडा अकरा, नऊ, चौदा, म्हणजे थेट मिठाच्या घरात. साखळीची एकेक कडी मशीनला सुटी दिसते, अखंड वेढा मिळत नाही. जोडवीचंही तसंच, तिला फट असते; चांदीची असूनही ती अंगठीपेक्षा मलूल वाजली. बंद गोल वस्तूत प्रवाह पूर्ण फिरतो, म्हणून अंगठी वजनाच्या मानानं मोठ्यानं बोलते. तीन ग्रॅमची साखळी हरवली असती तर मी भाच्याला तेव्हाच दुसरी करून घ्यायला सांगितलं असतं.

खरा आणि खोटा आवाज वेगळा करायची युक्ती साधी निघाली. वाजलं की थांबायचं, त्याच जागेवरून उलटा झोका घ्यायचा. दोन्हीकडून, त्याच बिंदूवर वाजलं तर काटकोनात वळून पुन्हा. मिठाचा आवाज जागा बदलतो, एकाच बाजूनं येतो, वळलं की विरतो. अंगठी कुठूनही जा, तिथंच. बायकोनं दोऱ्यानं अंगठी हळूच दोन बोटं सरकवली आणि मला सांगितलं नाही. मशीननं सांगितलं. तेव्हा कुठं माझा माझ्यावर विश्वास बसला.

शेवटची परीक्षा म्हणून घमेलंभर बारीक मुरूम टाकीत ओतला, काळ्या वाळूच्या जागी. घमेलं लोखंडी, ते आधी लांब ठेवायला लागलं. पुन्हा आकडे बिथरले, पण आता इलाज ठाऊक होता. पाणी आणि मुरूम दोन्ही एकदम गप्प होत नाहीत. ज्या उंचीवर कॉइल चालवायची आहे, तळापासून बोटभर वर, त्या उंचीवरच बॅलन्स करायचा आणि मग ती उंची सोडायची नाही. थोडी कुरकुर राहते. राहू द्यायची. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडून मीठ आणि खनिज वेगवेगळं ओळखणारी मशीनं मिळतात, किनाऱ्यावर वरचेवर जाणाऱ्यानं तीच घ्यावीत. पल्स इंडक्शनची मशीनं तर झटका देऊन क्षणभर थांबतात, तेवढ्यात मिठातले प्रवाह मरून जातात आणि धातूतले उरतात; पण ती खिळा आणि सोनं यांत फारसा भेद करत नाहीत. मला एका अंगठीसाठी यातलं काहीच परवडणारं नव्हतं.

माघातली पौर्णिमा मोटारींच्या कामात हुकली. तोवर अक्काला रिकामं बोट दिसलं होतं, रडारड होऊन गेली होती. अमावास्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. अक्का म्हणाली, "अवसेला कुणी सोनं शोधायला जातं का रे?"

"समुद्राला तीच सोयीची आहे," मी म्हटलं. उपासाच्या दिवशीच रात्री निघालो.

अमावास्येला यंत्र घेऊन किनाऱ्यावर उकरणारी दोन परकी माणसं म्हणजे गावाला काय वाटेल हे आम्हाला कळत होतं. गुप्तधनाच्या भानगडी आपल्याकडं कमी नाहीत. म्हणून आधी गावच्या पोलीस पाटलांना भेटलो, अंगठीची पावती आणि साखरपुड्याचा फोटो दाखवला. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लागतं, असा 1878 सालचा कायदा अजून आहे; आपण आपलीच वस्तू शोधतोय हे चारचौघांना ठाऊक असलेलं बरं.

जागा भाच्याच्या मित्राच्या फोटोवरून ठरवली. फोटोत पोरांच्या मागं सुरूचं एक वाकडं झाड आणि त्याच्यामागं एका घराचं कौलारू टोक एका रेषेत दिसत होतं. तीच रेष पुन्हा जुळेपर्यंत मी किनाऱ्यावर सरकत गेलो. जाळ्यावाले काका हसले. समुद्रात मासे असलेली जागा ते अशाच दोन खुणांवरून धरतात म्हणे.

संध्याकाळी पाचला पाण्यात उतरलो. या वेळी हातातलं कडं काढून गाडीत, मोबाईल बंद करून तोही गाडीत. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळून सुती टेप मारली, आम्ही वाइंडिंगला मारतो तशी. सैल केबल लाटेनं हलली तरी कॉइल तिला धातू समजते. झाकणी काढूनच टाकली. आखणीला नायलॉनची दोरी आणि बांबूच्या खुंट्या. उकरायला मात्र लोखंडच होतं: बुंदी पाडायचा हलवायाचा मोठा झारा, त्याला माझ्या फॅब्रिकेटर मित्रानं पाइप जोडून दिला होता. "काय करायलास बे?" असं त्यानं तीनदा विचारलं. झारा घेऊन भाचा माझ्या चार पावलं मागं. जवळ आला की मशीन त्याचीच बातमी देई.

पट्टे पाण्याच्या कडेला समांतर घेतले. मागच्या वेळी किनाऱ्यावरून आत, आतून बाहेर असे घेतले होते, म्हणजे दर पावलाला पाण्याची खोली आणि वाळूची ओल बदलणार, बॅलन्स बिघडणार. लाट अंगावर येऊन फुटली की कॉइल डगमगते, पाण्यात बुडबुडे येतात. तेव्हा नुसतं उभं राहायचं. लाट मागं गेली, पाणी एकसारखं झालं, की दोन-तीन झोके. परत लाट. हा ताल बसायला अर्धा तास गेला. मशीन कुरकुरत होतं, माजघरात म्हातारं माणूस झोपेत पुटपुटतं तसं, आणि आता मला त्याचा त्रास होत नव्हता.

त्या संध्याकाळी खोटा आवाज उकरला नाही. वैताग खऱ्या आवाजांनी दिला. जाळ्याला लावायची शिशाची वजनं! शिसं वाजतं सोन्यासारखंच. सव्वीस, अठ्ठावीस, दोन्हीकडून, काटकोनातही. नऊ वजनं काढली. दहाव्या वेळी भाचा म्हणाला, "मामा, हे पण शिसंच असेल, सोडून द्या." मी सोडलं नाही; ते शिसंच निघालं. अंधार पडला, पाणी चढायला लागलं. काकांना नऊच्या नऊ, चुकलो, दहाच्या दहा वजनं नेऊन दिली. त्यांनी खूश होऊन चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. रोज ओहोटी पाऊण तास पुढं सरकते, त्यामुळं सकाळी साडेसहाच्या सुमारास पाणी तळाला जाणार होतं. सहालाच उतरलो. भाच्यानं कपाळाला बॅटरी लावली होती, तिनंही मशीन चिरचिरायला लागलं, म्हणून ती विझवली आणि उजाडायची वाट बघितली. आदल्या दिवशीच्या शेवटच्या दोरीपासून पुढं तिसरा पट्टा. पाणी पोटरीपर्यंत. एक झोका गेला, काही नाही. परतीच्या झोक्यात उजव्या अंगाला एक बारीक, गोल आवाज आला. टूं. टिर्र नाही. मी थांबलो. लाट येऊन गेली. उलटा झोका: टूं, तिथंच. आकडा बावीस, सत्तावीस, चोवीस. मिठाच्या इतका जवळ की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या माझ्या शहाणपणानं तो कधीच गिळला असता. काटकोनात वळलो. टूं.

भाच्यानं झारा घातला. पहिल्या झाऱ्यात शिंपले. खड्ड्यावर कॉइल धरली, आवाज अजून तिथंच. दुसरा, तिसरा, पाण्यात खड्डा लगेच भरून येतो, त्यामुळं पायाचा अंगठा कडेला रोवून जागा धरून ठेवायची. चौथ्या झाऱ्यानंतर खड्डा गप्प झाला. म्हणजे जे काही होतं ते झाऱ्यात होतं. त्यानं तो पाण्यात घुसळला, काळी वाळू भोकांतून धुराच्या लोटासारखी खाली गेली, आणि तळाशी दोन शिंपल्यांच्या मध्ये पिवळी कड दिसली.

तो काही बोलला नाही. अंगठी उचलून थेट बोटात घालायला निघाला. मी त्याच्या हातावर चापट मारून ती काढून घेतली आणि खिशातल्या बायकोच्या नायलॉनच्या दोऱ्याला बांधली.

घरी येऊन मशीन गोड्या पाण्यानं धुतलं. बादली एकच मिळाली. कनेक्टरच्या पितळेवर तोवर हिरवी साय धरायला लागली होती, ती जुन्या टूथब्रशनं काढली आणि आतून थोडं व्हॅसलिन लावलं.

चार दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. टाकीतलं पाणी आम्ही गोठ्यापुढच्या मुरमाच्या वाटेवर ओतलं होतं, रानापासून लांब. ते उन्हानं वाळून पांढरं पडलं होतं. "दाजी," तो म्हणाला, "दोन्ही म्हशी सोडल्या की तिकडंच पळायल्यात, जमीन चाटत बसायल्यात. दुधाच्या वेळेला ओढून आणाव्या लागतात. पुढचा समुद्र कधी करणार ते आधी सांगा, मीठ मी आणतो."